गोड्या पाण्याचा दोर

उन्हाळ्याच्या सुट्टीत मालदीवला जायचे, एवढाच साधा बेत होता. धाराशिवच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या राजेश्वरीने स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी, शिवशरणसाठी, समुद्रात खांब रोवून बांधलेले लाकडी घर निवडले. तळाला काच बसवलेली, पायऱ्या थेट पाण्यात उतरणाऱ्या. अणदूरहून सासूबाईंनी, शांताक्कांनी, फोनवर एकच बजावले होते, “पाणी लांबनं बगा. शिवशरणला आत सोडू नगो.”

कारण जुने होते. लहानपणी शिवशरणचा थोरला भाऊ रेवणप्पा, म्हणजे त्याचा अण्णा, त्याला कडुनिंबाखालच्या घरच्या विहिरीत पोहायला शिकवी. धाकट्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि दुसरे टोक आपल्या मनगटाला गुंडाळून काठावर बसायचे. ज्याने दोर बांधला त्यानेच गाठ सोडायची, हा घरचा दंडक. एकदा रेवणप्पाच घसरला आणि बुडताना त्या दोराने धाकट्यालाही खाली ओढू लागला. लोकांनी विळ्याने दोर कापला. धाकटा तेवढा वर आला.

“अपघाताचा धाक जन्मभर बाळगायचा का?” राजेश्वरी म्हणाली. “इथं कमरेला दोर नसतो, पाठीला हवेची टाकी असते.”

“उतरतो, प्राध्यापिकाबाई,” शिवशरण हसला. “बुडालो तर आईपुढं तोंडी परीक्षा तुझी!”

दुपारी आभाळ शिशासारखे समुद्रावर टेकले होते. तो प्रशिक्षकाबरोबर खाली गेला. ती काचेवर ओणवून पाहत राहिली. काचेखालून जाताना त्याने हात हलवला. त्याच्या कमरेपासून एक काळी रेघ खोल काळोखात गेली होती. ताठ. सावली असेल, असे तिने ठरवले.

तो सुखरूप वर आला. प्रशिक्षक निघून गेल्यावर अंगावरचा रबरी पोशाख उतरवून पायऱ्यांजवळच्या खुर्चीत डोळे मिटून पडला. त्याच्या कमरेला तागाचा दोर होता. दुसरे टोक पायऱ्यांवरून पाण्यात गेले होते.

“हा कुणी बांधला?”

“अण्णानं... लई वर्सं धरून बसलाय...”

दोराला कडुनिंबाच्या कुजक्या पाल्याचा वास होता. तिने ओले बोट जिभेला लावले. खारट नव्हते. गोडे पाणी.

तेवढ्यात दोर ताणला गेला आणि खुर्ची बोटभर पायऱ्यांकडे सरकली.

गाठ सुटेना. तिची नखे तुटली. खुर्ची पुन्हा सरकली. फळांच्या ताटलीतली सुरी उचलून तिने दोर कापला. तुटके टोक पायऱ्यांवरून घसरत गेले. पाण्यात पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

फोन वाजला. शांताक्का कुजबुजत होत्या.

“आत्ता हिरीत दोर पडल्याचा आवाज झाला... सूनबाई, कापलास काय गं?”

“कापला, आत्याबाई. पण हे वाचले... इथंच आहेत.”

शांताक्कांचा आवाज आणखी खाली गेला.

“नीट बग... वर कोण ऱ्हायलंय...”

राजेश्वरी वळली. तो खुर्चीतून उठून पायऱ्यांच्या कडेला बसला होता. कमरेची गाठ सुटलेली होती. पाण्याकडे पाहत, मुळीच घाई न करता, तो उरलेला दोर आपल्या मनगटाला गुंडाळत होता.