जमनीची चारची नळी

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तरी चालेल, खोटं सांगून मला काही मिळायचं नाही.

गेल्या मार्चमधला गुरुवार. यवतमाळ जिल्ह्यातला एक दवाखाना, नाव सांगत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. मी, फैज, तिथं रक्त काढायचो. सकाळी आठला गोळी. मग दहा, बारा आणि चारला रक्त. औषध अंगात किती चढलं, किती उतरलं, ते त्यावरून कळायचं.

झरी जामणीकडची जमनी बाराच्या सुईलाच रडकुंडीला आली.

"दादा, पुरे आता. माह्या आंगात उरलंच किती?"

एवढं बोलून ती एसटी धरून निघून गेली.

चारची नळी राहिली. मग मी आमचा नेहमीचा घाणेरडा जुगाड केला. बाराचंच रक्त दोन नळ्यांत वाटलं आणि दुसरीवर 'चार' लिहिलं.

दुपारी चारला नळ्या लॅबला पाठवायला म्हणून फ्रिज उघडला...

बाराची नळी गार होती.

चारची... कोमट.

आणि वास... नासलेल्या मटणाचा. मला तिथंच उलटी झाली.

तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा, बळीरामचा फोन आला. दोन वाजता एसटीतच जमनीचा जीव गेला होता.

तरी मी ती नळी पाठवली. सांगताना स्वतःचीच किळस येते.

सोमवारी रिपोर्ट आला. रक्त एकच, पण बाराला औषध बेताचं आणि चारला, उतरायला हवं तिथं... तिप्पट.

चाचणीचे प्रमुख मधुसूदन सर. दोनला मेलेल्या बाईचं रक्त चारला कसं काढलं, त्यांनी विचारलं. खरं बोललो असतो तर नळी बाद झाली असती, तिचं मरण आजाराच्या नावावर गेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तीच गोळी आणखी अकरा जणांच्या पोटात गेली असती.

"आलती सर ते चारला. म्याच काढलं."

मला खोटं पाडायला सरांनी वही मागवली. रक्त देताना प्रत्येकजण त्यात सही करतो, नाहीतर अंगठा लावतो. चारचा रकाना मी कोरा सोडला होता, हे मला पक्कं आठवतं.

त्या रकान्यात ठसा होता...

ओला.

आमची शाई निळी. हा काळपट तांबडा होता, आणि त्यावर माश्या बसल्या होत्या.

सरांनी नाकाला रुमाल लावला. गोळी त्याच दिवशी बंद झाली. ते अकरा जण धडधाकट आहेत.

पण जमनी खरंच आली असेल, तर तिच्या मेलेल्या हातात सुई कोणी टोचली?

मला आठवत नाही. आपलेच हात नाकाजवळ न्यायला अजून धीर होत नाही.