उणे चोपन्न

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या घरच्या वर्कशॉपचा एक नियम धाकटीला पहिल्याच दिवशी बजावला होता : रिकाम्या हॉपरवर आकडा उरला, तर शून्याचं बटण दाबायचं. का उरला, ते विचारायचं नाही.

आज तिने नेमकं तेच विचारलं होतं. माल तोलून खाली सोडणारी प्लांटमधली तिसरी टाकी, म्हणजे हॉपर, रिकामी होती, तरी तिचं वजन दाखवणारा कंट्रोलर चोपन्न किलो सांगत होता. तिने कंट्रोलर उघडला, आतलं सर्किट कार्ड काढून पाहिलं, वायरी एकेक तपासल्या. दोष नव्हता. "कारण सापडेपर्यंत तपासणीच्या कागदावर सही करणार नाही," असं सांगून ती निघून आली. तिच्या आधी प्लांटच्या मालकाचा फोन घरी पोचला.

रात्री साडेनऊला काकांनी वर्कशॉपचं शटर अर्धं ओढलं. बाबा स्टुलावर बसले होते. चुलत भाऊ सोल्डरिंग करत होता.

"इंजिनिअर बाई, त्या प्लांटवर आपली चूल पेटते. तो आकडा तुला खातोय का?" काकांनी विचारलं.

"खातोय."

"मग ऐक. माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक होता. चौदा वर्षं झाली. मंगळवार, रात्रीचे पावणेदोन. हाच प्लांट, हीच टाकी, हाच आकडा. सकाळी सातला माल भरायचा होता, म्हणून त्याला एकट्याला पाठवलं. त्याने बॅटरी मारून आत पाहिलं. नुसती धूळ. कार्ड बदललं, तरी चोपन्न. वीस किलोचं माप टांगलं, तर चौऱ्याहत्तर. म्हणजे काटा खरं बोलत होता."

"मग?" भावाने विचारलं.

"शिडीच्या पायथ्याशी चपला होत्या. टाकी आतून झाडणाऱ्याच्या. तो तीन दिवसांपूर्वी काम सोडून गेला, असं सांगत होते."

"अनवाणी गेला?" धाकटी म्हणाली.

काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "त्याला मागेपुढे कुणी नव्हतं. विचारपूस करायलाही कुणी आलं नाही. मेकॅनिकने बटण दाबलं. शून्य आलं. पिशवी भरली. दिवा मालवला... तेवढ्यात लोखंडी शिडी वाजली. टक्... टक्... कुणीतरी उतरत होतं. त्याने मागे पाहिलं नाही. फक्त आकडा पाहिला."

"काय होता?"

"उणे चोपन्न."

भावाचा हात थांबला. गिऱ्हाइकांना तो रोज हेच समजावायचा : काट्यावर कुणी उभं असताना शून्य केलं, तर ते खाली उतरल्यावर काटा उणे होतो.

"गेटपर्यंत मागे पावलं होती. मग रस्त्याने... मग घरात. बोलत नाही तो. काही मागत नाही. नुसता सोबत असतो... त्याला तरी दुसरं कोण आहे?"

'असतो.' धाकटीने तो शब्द पकडला. काकांच्या खोलीत रात्रभर दिवा जळतो. एकट्या माणसाला एवढा उजेड कशाला लागतो, म्हणून लहानपणापासून ती त्यांची टिंगल करत आली होती.

"काका, चपलांचं काय केलंत?"

बाबांनी मान खाली घातली. काका दाराकडे बघत राहिले.

"ठेवल्यात," ते म्हणाले. "कपाटात..." मग खाकरून, "उद्या जा आणि शून्य करून ये. एवढं एकदा ऐक."

"नाही. वीस किलोच्या मापाने तुम्हाला सांगितलं होतं, काटा खरा आहे. तरी तुम्ही त्या माणसाला पुसून टाकलंत. आणि बाबा, तुम्हीही गप्प राहिलात. मी कागदावर लिहीन : काटा बरोबर आहे, या टाकीत माणूस गेला, चौकशी करा. प्लांट गेला तर जाऊ दे. शटर पडू दे. मी शून्य करणार नाही."

काका शटर पूर्ण ओढायला दाराशी गेले.

दाराशी दुरुस्तीचे कंट्रोलर तपासायचा वजनकाटा होता. सकाळपासून बंद. त्याच्यावर काहीही नव्हतं. डिस्प्ले उजळला.

चोपन्न.

सवयीने काकांचा हात बटणाकडे गेला... आणि मधेच थांबला.