मुदतबाई आणि कानाची खोली

पहिल्याच भेटीत त्याने तिला गप्प राहायला सांगितलं होतं. तेही तोंडाने नाही, नुसतं ओठांवर बोट ठेवून.

अवेळी पावसाची सर आली म्हणून ती हॉस्पिटलच्या मागच्या दाराने आत शिरली होती. खांद्याला लॅपटॉपची बॅग, ओल्या चपला, आणि त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये तिचं प्रत्येक पाऊल चुईं... चुईं... वाजत होतं. एक दार उघडलं. पांढऱ्या कोटातला एक उंच माणूस डोकावला, त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने तिच्या पायांकडे दाखवलं. आत कुणाच्या तरी कानांची तपासणी चालू होती. ती जिथल्या तिथे थांबली. एक पाय जमिनीवर, दुसरा अर्धवट उचललेला. तो टेकवला तर पुन्हा वाजेल, म्हणून ती भिंतीचा आधार घेऊन तशीच उभी राहिली. शेवटी एक आजोबा कान चोळत बाहेर पडले आणि त्यांच्यामागून तो आला.

"अजून तशाच उभ्या आहात?"

"तुम्हीच सांगितलंत ना."

"आवाज करू नका, एवढंच म्हणालो होतो. बगळा व्हा असं नव्हतो म्हणालो."

तिला रागवायचं होतं, पण हसू आलं. त्याने चपला पुसायला कागदी रुमाल दिले आणि तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या गळ्यातल्या कार्डाकडे गेलं. ती संगणक विभागाची आहे हे कळताच त्याचा चेहरा उजळला. तो इथे रुजू होऊन जेमतेम महिना झाला होता, आणि सकाळपासून त्याचा कॉम्प्युटर त्याला ओळखतच नव्हता. पेशंटचे कान तपासून होत होते, पण श्रवणयंत्राची जुळणी करायची तर कॉम्प्युटर हवा, आणि तो दारातूनच परत पाठवत होता.

तिने वाकून पाहिलं. "तुम्हाला ओळखतो हो तो. त्यालाच कुणी ओळखत नाहीये. त्याच्या सर्टिफिकेटची मुदत संपली."

हे तिचं रोजचं काम. त्या हॉस्पिटलमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरकडे, प्रत्येक कार्डाकडे, कार्डाने उघडणाऱ्या प्रत्येक दाराकडे एक छोटं डिजिटल सर्टिफिकेट असे. 'मी तोच आहे, दुसरा कुणी नाही' एवढंच ते सांगे. पण महिनाभरच. महिना संपायच्या आत त्याला नवं सर्टिफिकेट मिळालं नाही, की ओळख बंद. हे नवं सर्टिफिकेट घरोघर पोचवणारं टूल तिच्या ताब्यात होतं. पहाटे, सगळं शांत असताना, ते यंत्रायंत्रापाशी जाई आणि ज्याचं संपत आलंय त्याला नवं देऊन येई. टूल नीट चाललं तर काहीच घडत नसे. दारं उघडत, कार्डं चालत, आणि त्यामागे कुणी आहे हे कुणाच्या गावीही नसे. विभागातले लोक तिला 'मुदतबाई' म्हणत, कारण ती येता-जाता एकच प्रश्न विचारी, याची मुदत कधी संपते?

तिने त्याच्या कॉम्प्युटरला हाताने नवं सर्टिफिकेट दिलं. त्याचा पडदा उघडला. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि सावकाश, प्रत्येक शब्द ऐकू जाईल असं म्हणाला, "थँक्यू. खरंच, खूप आभार."

तळमजल्यावर, धोबीखात्याशेजारच्या तिच्या खोलीत लोक फक्त तक्रार घेऊन येत. काम झालं की 'आधीच का नाही केलंत' असा चेहरा करून जात. इतकी वर्षं इथे काढली, पण असं समोर उभं राहून आभार कुणी मानले नव्हते. घरी गेल्यावर तिने आत्याला सांगितलं. आईवडील गेल्यापासून आत्यानेच तिला वाढवलं होतं, आणि तिच्या नोकरीचं आत्याला कधीच नीटसं कळलं नव्हतं.

"बिघडल्याशिवाय तुला कुणी बोलावत नाही, होय ना?" आत्या म्हणाली. "मग तू प्लंबरच की गं. आमच्या प्लंबरला तरी मी चहा विचारते."

पुढच्या महिन्यात तेच झालं. मुदत संपत आलेल्यांत पुन्हा कानाच्या खोलीचा कॉम्प्युटर. तिने खोदून पाहिलं तेव्हा कारण सापडलं. तो रोज संध्याकाळी कॉम्प्युटर पूर्ण बंद करून जायचा. पहाटे टूल दार वाजवायचं, आतून उत्तर नाही, मग बिचारं परत फिरायचं. ती वर गेली आणि त्याला म्हणाली, चालू ठेवून जात जा. त्याने अगदी गंभीरपणे सांगितलं, की त्याच्या पंख्याचा आवाज होतो आणि ही खोली तर शांततेसाठीच बांधली आहे. तिला ते पटलं. तिने हाताने सर्टिफिकेट दिलं, त्याने आभार मानले, आणि या वेळी चहाही दिला.

खरं तर उपाय सोपा होता. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला, की त्याने स्वतःच नवं सर्टिफिकेट मागून घ्यावं, एवढा बदल टूलमध्ये करायचा. एका दुपारचं काम. दुसऱ्या कुणाचा कॉम्प्युटर असता तर तिने त्याच दिवशी ते केलं असतं. या वेळी मात्र तिने ते काम 'नंतर'च्या खात्यात टाकलं आणि नंतरही तिथेच राहू दिलं. महिन्याकाठी एकदा त्या खोलीत जायला तिच्याकडे कारण होतं, आणि ते कारण स्वतःच्या हाताने दुरुस्त करायला तिचं मन धजत नव्हतं. तो तिला आवडायला लागला होता. हे तिने स्वतःशी कबूल केलं होतं, टूलशी नाही.

एका भेटीत त्याने तिला जाड भिंतींच्या तपासणीच्या खोलीत बसवलं. कानावर हेडफोन चढवले, काचेपलीकडे जाऊन बसला आणि सांगितलं, आवाज आला की हात वर करायचा. बारीक शीळ वाजे, ती हात वर करी. मग बराच वेळ काही नाही... आणि तिने हात वर केला.

"आता मी काही वाजवलं नव्हतं," त्याचा आवाज हेडफोनमधून आला.

"पण मला ऐकू आलं. धड् धड्... असं."

तो काचेपलीकडून तिच्याकडे बघत राहिला. "या खोलीत फार शांतता असते. माणसाला स्वतःचं काळीज ऐकू येतं." मग त्याने विचारलं, "जोरात वाजत होतं का?"

"तुम्ही सांगा. कानांचे जाणकार तुम्ही."

"कान तपासतो मी. त्याच्या खालचं नाही." पण बोलता बोलता त्याचे स्वतःचेच कान लाल झाले होते, आणि ते तिने पाहिलं.

त्यानंतरच्या महिन्यात तिने जरा जास्तच केलं. मुदत संपायच्या आधी ती नेहमी एक-दोन दिवस हाताशी ठेवी. या वेळी तिने मुद्दाम शेवटचा दिवस धरला, तोही दुपारनंतर, कारण दुपारनंतर त्याचे पेशंट संपत आणि चहा निवांत होई. सर्टिफिकेट ज्या वेळी दिलं, महिन्याने त्याच वेळी संपतं. मागच्या खेपेला तिने ते सकाळी दिलं होतं. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात चहा होता.

सकाळीच तिचा फोन वाजला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. लवकर या, एवढंच तो म्हणाला. ती जिने चढत धावत गेली.

खोलीत एक लहानगी आईच्या मांडीवर रडून रडून लाल झाली होती. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. आज तिचं श्रवणयंत्र पहिल्यांदा सुरू व्हायचं होतं. आईबाबा त्यासाठी पहाटे निघून लांबून आले होते. यंत्र कानावर बसलं होतं, पण त्याची जुळणी ज्या कॉम्प्युटरवरून करायची, त्याला कुणी ओळखत नव्हतं. बाबा हातातली पिशवी उगाच इकडची तिकडे करत होते.

तिने नवं सर्टिफिकेट दिलं. तरी कॉम्प्युटर जुन्यालाच धरून बसला. तो पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा लागला, आणि तोवर रडून दमलेली पोर झोपून गेली. मग सगळे ती उठायची वाट बघत बसले. मुदतबाई दाराशी उभी होती, आणि तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

पोर उठली. त्याने अगदी हळू आवाजापासून सुरुवात केली. त्यावर पोरीने काही केलं नाही. आईच्या मांडीवरून उतरली, एक पाऊल टाकलं, आणि थबकली. तिच्या नव्या बुटाने जमिनीवर चुईं केलं होतं. तिने खाली पाहिलं. पुन्हा पाय घासला. चुईं. मग ती खोलीभर पाय घासत फिरू लागली आणि तिचे बाबा भिंतीकडे तोंड करून रडू लागले.

आईने आभार मानत त्याचे हात धरले. तो म्हणाला, "माझे नका मानू. यांचे माना. या धावत आल्या म्हणून झालं." आणि त्या बाईने वळून तिचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले.

इतकी वर्षं ती ज्या आभारांना भुकेली होती, ते असे आले, आणि तिला ते घेववेनात. ती मंडळी गेल्यावर तिने दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. बिघाड आपल्याला पहिल्यापासून माहीत होता, एका दुपारी दुरुस्त झाला असता, आपण तो मुद्दाम ठेवला.

"का?" त्याने विचारलं.

"तुम्हाला भेटायला मिळावं म्हणून." तिचा आवाज चिरकला. "त्या मुलीला थांबावं लागलं ते माझ्यामुळे. मला थँक्यू म्हणू नका."

त्याचा चेहरा उतरला होता. ती तशीच खाली गेली आणि त्याच दुपारी टूलमध्ये तो बदल केला, तपासला, सगळ्या यंत्रांना पोचवला. आता कानाच्या खोलीचा कॉम्प्युटर सकाळी उठून आपलं सर्टिफिकेट आपण मागून घेणार होता. आता तिला वर बोलावण्याचं कुणाला कारण उरलं नव्हतं.

आणि खरंच कुणी बोलावलं नाही. महिना उलटला, दुसरा लागला. कानाच्या खोलीचं नाव मुदत संपत आलेल्यांत पुन्हा दिसलं नाही. टूल इतकं सुरेख कधीच चाललं नव्हतं, आणि तिला जेवण गोड लागत नव्हतं. आत्याने एकदा विचारलं, काही बिघडलंय का गं? ती म्हणाली, नाही, सगळं नीट चालू आहे. आत्याने तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

एका दुपारी तिच्या खोलीचं दार वाजलं. शेजारी धोबीखात्याची यंत्रं घरघरत होती, म्हणून पहिल्यांदा तिला ऐकूच गेलं नाही. दारात तो उभा होता. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात दोन कप.

ती सवयीने उठली आणि लॅपटॉप उचलला. "काय बिघडलं?"

"काही नाही."

"मग?"

"तेच सांगायला आलो. इतक्या दिवसांत काहीच बिघडलं नाही. सकाळी जातो तर कॉम्प्युटर आपला तयार. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते."

लॅपटॉप तिच्या हातात तसाच राहिला. काही बिघडलं नाही म्हणून या खोलीत आजवर कुणी आलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि या वेळी तिने ते आभार घेतले.

तो मात्र अजून दारातच होता. "अजून एक सांगायचंय. तुम्ही चालू ठेवा म्हणालात, तेव्हा मी पंख्याच्या आवाजाचं कारण सांगितलं होतं. आठवतं?"

"हो."

"संध्याकाळनंतर त्या खोलीत कोण असतं?"

बिघाड शोधून काढण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या इमारतीत कुणी नव्हतं, आणि हे एवढं तिला दिसलं नव्हतं.

"पहिल्यांदा सवयीने बंद करायचो," तो खाली बघत म्हणाला. "नंतर... तुम्ही यावं म्हणून. त्या मुलीला थांबवण्यात अर्धा वाटा माझा होता. तुम्ही तुमचा तिथल्या तिथे कबूल केलात. मला माझा सांगायला तोंडच होईना, म्हणून आलो नाही. रागावलो वगैरे नव्हतो." त्याने मान वर केली. "मला तुम्ही फार आवडता. आता कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवतो. तरी येत जाल का वर? कारणाशिवाय?"

धोबीखात्याचं यंत्र तेवढ्यात थांबलं आणि खोलीत एकदम शांतता झाली. तिने हळूच हात वर केला, तपासणीच्या खोलीत केला होता तसाच. त्याला कळलं. तो हसला आणि त्याने कप टेबलावर ठेवले.

संध्याकाळी आत्याने दार उघडलं आणि तिचा चेहरा बघूनच विचारलं, कुणाकडे काय बिघडलं होतं आज?

"काही नव्हतं बिघडलं गं आत्या. तरी आला होता. आभार मानायला."

आत्याने तिची बॅग हातातून काढून घेतली, खुंटीला लावली आणि म्हणाली, "काही बिघडलेलं नसताना आला? मग त्याला घरी जेवायला बोलाव."