सिरिल हॅडोचा मराठी आवाज

अमेरिकेत, अल्फारेटातल्या गिरीशच्या घरात जिन्याखाली कोटांचं कपाट होतं, एक माणूस जेमतेम बसेल एवढं. गिरीशने आत रजया टांगल्या, माईक लावला, लॅपटॉप ठेवला आणि त्याला स्टुडिओ म्हणू लागला. हौसेला मोल नसतं. सकाळी सॉफ्टवेअरची नोकरी, दुपार कलली की डबिंग.

एक कंपनी जुने ब्रिटिश सिनेमे आणि मालिका मराठीत आणत होती. नायकांचे आवाज मुंबईत व्हायचे, गिरीशच्या वाट्याला आला सिरिल हॅडो. या गृहस्थाने उभी हयात किरकोळ भूमिकांत काढली. हवालदार, पोस्टमन, पाद्री. नाव कुणाला आठवायचं नाही, चेहरा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. दर वेळी तो कुणाच्या तरी दारात उभा राहायचा, टोपी काढायचा आणि अदबीने विचारायचा, "घरात कोण कोण आहे?" बिचारा वारला त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

काम संपलं की गिरीश हाक मारी, "सुमेधा, ये गं!" त्याची सात वर्षांची लेक धावत कपाटात शिरे आणि त्या साहेबाला बाबाच्या आवाजात बोलताना बघून खिदळे.

हवालदाराची भूमिका झाली आणि गिरीशचा घसा बसला. पोस्टमननंतर खालचे सूर गेले.

"कोहिनूर नेला, आता तुझा आवाज नेतायत," त्याची बायको इला म्हणाली.

पाद्र्यानंतर मात्र तिचं हसू मावळलं. डॉक्टरांना घशात काहीच सापडलं नव्हतं. "सोड ना यार. कॅन्सल कर ते काँट्रॅक्ट," ती म्हणाली. पण हॅडोची शेवटची भूमिका तेवढी उरली होती, आणि हातचं काम अर्ध्यावर टाकणं गिरीशच्या रक्तात नव्हतं.

त्या दुपारी इला ऑफिसात होती, सुमेधा वर खेळत होती. गिरीशच्या तोंडून आता शब्दच फुटत नव्हता. निदान प्रसंग बघून ठेवू, म्हणून तो कपाटात जाऊन बसला. माईक बंदच होता.

पडद्यावर म्हातारा हॅडो एका दाराशी उभा होता. या प्रसंगात त्याला वाक्य नव्हतं. तरी ओठ हलत होते.

सवयीने गिरीश ते ओठ वाचू लागला. आधी चंबू झाला, मग ओठ मिटले, मग तोंड उघडं राहिलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. गिरीशने स्वतःच्या ओठांनी तसंच करून पाहिलं: सु, मे, धा.

हेडफोनमध्ये खणखणीत हाक आली, त्याच्याच पूर्वीच्या आवाजात.

"सुमेधा, ये गं!"

त्याने हेडफोन ओरबाडून काढले, लॅपटॉप मिटला. हाक थांबली नाही. आता ती टांगलेल्या रजयांमागून येत होती.

तो धडपडत बाहेर आला आणि त्याने दार ओढून घेतलं.

"कमिंग, बाबा!" वरून उत्तर आलं.

जिन्यावर पावलं वाजली. थांब, म्हणून गिरीश जीव खाऊन ओरडला. नुसती हवा बाहेर पडली.

सुमेधा त्याला चुकवून कपाटाकडे निघाली. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

कपाटाचं दार बोटभर उघडलं.

"सुमेधा," आतून बाबाच्याच आवाजात मायेने प्रश्न आला, "कुणी धरलंय गं तुला?"

तिने वर पाहिलं. गिरीशचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

तिचा चेहरा रडवेला झाला. आणि ती त्याची बोटं एकेक करून सोडवू लागली.