कापलेला दोर

गिरडपलीकडच्या तलावात बंदीच्या दिवसांत कोणीतरी चोरून जाळी टाकत होतं. संशय एका परक्या ठेकेदारावर होता. कायदा होता, पण पुराव्यावाचून त्याला हात कोण लावणार? चोरीचं जाळं हाती आलं तरच गावच्या मच्छीमार सोसायटीचा तलाव वाचणार होता. म्हणून सोसायटीचा अध्यक्ष अंकुश जोडीदार रजतला घेऊन भर पावसात डोंग्यातून निघाला.

वारा समोरून. पाण्याखाली बुडालेल्या बाभळींची खोडं. दोनदा डोंगा कलंडता कलंडता राहिला! अखेर मधला टापू आला. काठालाच जाळं सापडलं, रोहूच्या बोटभर पिल्लांनी भरलेलं. अंकुशचं डोकं फिरलं.

इथला रिवाज असा, की मासेचोराला मारायचं नाही; त्याचा डोंगा सोडून द्यायचा आणि फजिती बघायची. अंकुशनं तिथं बांधलेल्या एकुलत्या डोंग्याचा दोर कापला.

"भैया, डोंगा मत छोडो!" टापूवरच्या टिनाच्या खोलीतून कोणीतरी ओरडलं.

"आता पोहून जा म्हना!" अंकुश खदखदून हसला. जाळं घेऊन दोघं निघालेही.

टापूला वळसा घालताना रजत थबकला. "भाऊ, ते बाहेर काऊन नाई येऊन राह्यले?"

अंकुशनं पाहिलं. पाणी चढून खोलीला भिडलं होतं. दाराला बाहेरून कुलूप!

"फिरव डोंगा!"

कुलूप फोडलं. आत राज्याबाहेरचे, बालाघाटकडचे चार मजूर. कामाला म्हणून आणून ठेकेदारानं त्यांना इथं डांबलं होतं, मारून राबवत होता. पत्रा उचकटून त्याच डोंग्यानं पळायचा त्यांचा बेत होता. अंकुश दिसताच एकानं मार चुकवायला डोकं हातांनी झाकलं. अंकुशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे अंकुशच्या डोंग्यात चढले, तसा ओझ्यानं तो बुडू लागला.

"जाळं फेक!"

"भाऊ, तलाव जाईन आपला!"

"फेक म्हनतो ना!"

जाळं गेलं. पाणी उपसत, एकमेकांना धरत सगळे काठाला लागले. जिवंत!

अंकुशनं निघताना कळवलं होतं, म्हणून काठावर मत्स्य खात्याच्या मयुरी मॅडम पोलिसांना घेऊन थांबल्या होत्या. मजुरांनी ठेकेदाराचं नाव सांगितलं. माणसं डांबून राबवणं हा तर चोरट्या मासेमारीहून मोठा गुन्हा. आता तो सुटणार नव्हता.

"टापूवर डोंगा नव्हता का?" मॅडमनी विचारलं.

"वाहून गेला," रजत घाईनं म्हणाला.

मजूर खाली मान घालून गप्प राहिले. ते आपल्यालाच सांभाळून घेताहेत, हे कळून अंकुश आणखी ओशाळला.

"वाहून नाई गेला, मॅडम. हे ओरडून नको म्हनत होते. म्या हासत हासत दोर कापला. तसंच लिहा."