नसलेली लाल ओळ

चष्मेवाला आत आला तो हात जोडूनच. वहिनींनी समोरची खुर्ची दाखवली, पण गडी बसेना.

"मला चोर पकडायचा नाही, बाई," तो म्हणाला. "एका बाईचे माझ्यावर उपकार आहेत आणि तिलाच खोटारडी ठरवताहेत. तेवढं थांबवा."

भाऊजींनी पेन्सिल खाली ठेवली. चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते थोरल्या वहिनींच्या तपासकामात लुडबुड करत. वहिनी त्याला 'मदत' म्हणत, हा त्यांचा मोठेपणा. या खोलीत आजवर लोक रागाने आले होते, भीतीने आले होते. उपकार फेडायला आलेला हा पहिलाच.

त्याची हकिगत साधी होती. त्याची मुलगी मुलांच्या रुग्णालयात होती. शस्त्रक्रियेनंतर तिला अचानक रक्त लागलं. वॉर्डातल्या सिस्टरने संगणकावरून रक्तपेढीकडे मागणी पाठवली आणि लगेच फोनही केला. रक्त आलं, मुलगी वाचली. पण संगणकावरून पाठवलेली मागणी रक्तपेढीत पोचलीच नव्हती.

"सिस्टर म्हणते, स्क्रीनवर लाल ओळ आली. 'पोच मिळाली नाही. रक्तपेढीला फोन करा.' रुग्णालय म्हणतं, आमच्या संगणकात अशी ओळच नाही. ती मागणी पाठवायला विसरली आणि आता सारवासारव करतेय. आज दुपारी चौकशी आहे. नोकरी जाणार हो तिची!"

"तुम्ही तिथे होतात?"

"डॉक्टरांबरोबर वर येत होतो, तर लिफ्ट मधेच अंधारात थांबली. जीव नुसता टांगणीला. सुटून वॉर्डात पोचलो, तेव्हा सिस्टर स्क्रीनकडे बघत नंबर फिरवत होती."

"ओळ पाहिलीत?"

"स्क्रीनची पाठ माझ्याकडे होती. पण तिची नजर पाहिली. डोळे तपासणं हाच माझा धंदा. ती काहीतरी वाचत होती."

वहिनी उठल्या. "भाऊजी, चपला घाला."

वॉर्डातली सिस्टर रडून रडून आता चिडण्यापर्यंत आली होती. तिच्या टेबलावरच्या संगणकाला कागद चिकटवलेला होता : 'हे पान बंद करू नये.' टेबलाखाली बॅटरीची पेटी गुणगुणत होती.

"दिवे गेले तेव्हा हा बंद पडला होता?" वहिनींनी विचारलं.

"छे! बॅटरी कशाला आहे? पान कधीपासून उघडंच होतं. मागणी पाठवली, ओळ आली, फोन केला. पहिल्याच झटक्यात लागला. नंतर संगणक कक्षाचे साहेब आले, पान बंद करून पुन्हा उघडलं. झालं! सगळं सुरळीत, आणि ओळ गायब. आता वेडी मी."

फोनशेजारी विभागांच्या नंबरांचा फलक होता. वहिनींनी त्यावरचा रक्तपेढीचा नंबर लावला.

"धुलाई विभाग," पलीकडून आवाज आला. "चादरी उद्या मिळतील."

भाऊजी खो खो हसले. वहिनी हसल्या नाहीत.

तिथून दोघं प्रोग्रॅमर बाईंकडे गेले. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर त्यांचंच. खिडकीजवळच्या लहानशा टेबलावर गार झालेला चहा आणि दोन स्क्रीन, एवढाच त्यांचा संसार.

"या सॉफ्टवेअरमधल्या निरोप पोचवणाऱ्या पेटीचं नाव 'सांगावा'," त्या म्हणाल्या. "तिचे दोन भाग. एक, पान उघडलं की सर्व्हरवरून वॉर्डातल्या ब्राउझरमध्ये जाऊन बोलतो, दुसरा सर्व्हरवरच बसून ऐकतो. दोन्ही एकाच जार फाइलमध्ये, म्हणजे एकाच गाठोड्यात बांधलेले. रक्ताची मागणी असो, औषधांची असो, जावा भाषेत लिहिलेल्या कुठल्याही वेब ॲप्लिकेशनच्या फोल्डरमध्ये ही पेटी ठेवायची, की बोलणं सुरू. दर वेळी नव्याने लिहायला नको, आणि दोन भागांची ताटातूटही नको."

"आणि लाल ओळ?"

बाईंनी गार चहाचा कप बाजूला सारला. "ती नव्या पेटीत लिहिलीय. मागणी गेली की ऐकणाऱ्याने पोच द्यायची. नाही दिली, तर लाल ओळ. पण त्या प्रकारानंतर मी तपासलं, तिथे जुनीच पेटी चालू आहे. जुनीला पोच ठाऊकच नाही. माझी नवी त्यांनी बसवलीच नसणार. सिस्टरसाठी जीव तुटतो माझा, पण तिला ती ओळ दिसणं शक्य नाही."

"मग शब्द तिला कुठून कळले?"

"सगळ्या वॉर्डांना आम्ही नमुना दाखवला होता. त्यातून उचलले, असं म्हणतात."

"नमुन्यात फोन नंबर होता?"

"नाही, नुसते ठिपके. नंबर बदलला होता, म्हणून खरा मी अगदी शेवटी रक्तपेढीला विचारून घातला."

"छान," वहिनी म्हणाल्या. यात छान काय, ते भाऊजींना कळेना.

संगणक कक्षाच्या दाराला नवं कुलूप होतं. जुनं तिथेच कडीला लटकत होतं. आत नव्या पायपुसण्याखालून जुन्याच्या दशा डोकावत होत्या. कोपऱ्यात मोडक्या कीबोर्डांची चळत. भाऊजींनी मनातल्या मनात कक्षप्रमुखाचं नाव अडगळराव ठेवून टाकलं.

"असू द्या हो, लागतं कधीतरी," अडगळराव ओशाळून म्हणाले. "ही सर्व्हरची दोन यंत्रं बघा. वरचं काम करतं, खालचं बॅटरीवरचं जोडीदार. वरचं पडलं की खालचं आपोआप उठतं. दोन्हींवर नवी पेटी मी स्वतःच्या हाताने ठेवलीय. शप्पथ! त्या बाई नाही म्हणतात, आता काय करू?"

भाऊजींचं लक्ष रंगांकडे. खालच्या यंत्राचा दिवा हिरवा होता, वरचा विझलेला. त्यांनी ते सहज बोलून दाखवलं. वहिनींनी त्यांच्याकडे अशा काही कौतुकाने पाहिलं, की भाऊजींची छाती फुगली. कारण मात्र समजलं नाही.

परतताना ते म्हणाले, "सरळ आहे, वहिनी. बाई म्हणतात बसवली नाही, हे म्हणतात बसवली, सिस्टर म्हणते दिसली. तिघांत एक तरी थापाड्या आहे."

"आणि तिघंही खरं बोलत असतील तर?"

"मग माझं डोकं फिरलंय."

"ते वेगळं," वहिनी म्हणाल्या.

चौकशी वॉर्डातच, सिस्टरच्या टेबलाभोवती घ्यायला वहिनींनी लावली. अधीक्षक बाई घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. सिस्टर, प्रोग्रॅमर बाई, अडगळराव आणि चष्मेवाला, सगळे हजर होते.

"आधी सिस्टर," वहिनींनी सुरुवात केली. "फलकावरच्या नंबराला धुलाई विभाग लागतो. नमुन्यातल्या ओळीत नंबर नव्हता. तरी सिस्टरनी पहिल्या झटक्यात रक्तपेढी गाठली, तीही स्क्रीनकडे बघत. नवा नंबर या स्क्रीनवर यायची एकच वाट होती, नव्या पेटीतली लाल ओळ. म्हणजे ओळ दिसली."

"पण नवी पेटी तिथे नाही!" प्रोग्रॅमर बाई म्हणाल्या.

"आहे. जुनीही आहे." वहिनी अडगळरावांकडे वळल्या. "नवी ठेवताना जुनी काढलीत?"

"काढायची कशाला? नवीचं नाव वेगळं होतं, आवृत्तीचा आकडा वेगळा. जागेचा प्रश्न नव्हता. म्हटलं, असू दे..." बोलता बोलताच त्यांचा आवाज बसला.

प्रोग्रॅमर बाईंनी कपाळावर हात मारला. "एकाच फोल्डरमध्ये दोन! अहो, जावा जी आधी सापडेल ती उचलते!"

"वरच्या यंत्राला नवी आधी सापडली, खालच्याला जुनी," वहिनी म्हणाल्या. "वरचं चालत होतं तोवर कुणाला पत्ता नाही. मग त्या दिवशी दिवे गेले. लिफ्ट थांबली, वरचं यंत्र पडलं, जोडीदार उठला. तो अजून जागाच आहे, भाऊजींनी हिरवा दिवा पाहिला. बाईंनी तपासलं ते त्यालाच. पण सिस्टरचं पान बॅटरीवर उघडंच राहिलं. त्यात वरच्या यंत्राकडून आधीच आलेला बोलणारा भाग नवा, आणि ऐकायला बसलेला जुना. ज्यांची ताटातूट होऊ नये म्हणून एका पेटीत बांधलं, त्यांचीच ताटातूट झाली. जुन्याला नव्याचं बोलणं उमगलं नाही, मागणी तिथेच अडली. पण नव्याने पोचेची वाट पाहिली, आणि आली नाही म्हणून ओरडला. नंतर पान बंद करून उघडलं, तेव्हा जोडीदाराने जुना बोलणारा पाठवला. जुन्याचं जुन्याशी जमलं, आणि पुरावा पुसला गेला."

"हे झालं तुमचं म्हणणं," अधीक्षक बाई म्हणाल्या. "दाखवाल?"

रक्तपेढीला आधी कळवून अडगळरावांनी वरचं यंत्र चालू करून कामाला लावलं. सिस्टरने पान नव्याने उघडलं. मग वरचं यंत्र बंद केलं. खालचं उठायला वेळ दिला आणि सिस्टरने चाचणीची मागणी पाठवली.

स्क्रीन तशीच राहिली, आणि मग लाल ओळ उमटली. पोच मिळाली नाही. रक्तपेढीला फोन करा. पुढे नंबर.

सिस्टरने त्या ओळीवर बोट टेकवलं. अधीक्षक बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलं माझं," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "विश्वास ठेवायला हवा होता."

अडगळराव मान खाली घालून चष्मेवाल्यासमोर उभे राहिले. "दोष माझा आहे. काय बोलायचं ते बोला."

"मुलगी घरी येतेय," चष्मेवाला म्हणाला. "आज कुणालाही वेडंवाकडं बोलणार नाही मी. ती जुनी पेटी तेवढी काढा, साहेब."

प्रोग्रॅमर बाई अजून स्क्रीनकडेच पाहत होत्या. "ही कधी कुणाला दिसूच नये, असं वाटायचं मला," त्या म्हणाल्या.

"बरं झालं, दिसली," सिस्टर म्हणाली.

चष्मेवाल्याने सगळ्यांना मुलीच्या खाटेपाशी नेलं. उशीला टेकून ती चित्र रंगवत होती.

"या बाईंनी सिस्टरना फोन करायला सांगितलं, म्हणून तुला वेळेवर रक्त मिळालं," त्याने सांगितलं.

मुलीने प्रोग्रॅमर बाईंना नीट निरखून पाहिलं. "पण तुम्ही तर तेव्हा इथे नव्हता."

"नव्हते. आधीच सांगून ठेवलं होतं."

"मी आजारी पडायच्या आधी?"

"हो."

मुलीने थोडा विचार केला. मग रंगाने माखलेला हात पुढे करून त्यांचा हात घट्ट धरला. "थँक्यू," ती म्हणाली. बाई नुसत्या मान हलवत राहिल्या.

भाऊजींनी खिडकीकडे तोंड फिरवून नाक शिंकरलं. वहिनींनी आपला रुमाल पुढे केला.

बाहेर पडताना संगणक कक्षाचं दार उघडं होतं. अडगळराव जुनं कुलूप, जुनं पायपुसणं आणि कीबोर्डांची चळत बाहेर आणून ठेवत होते. दोघांना पाहून त्यांनी कुलूप हळूच पुन्हा खिशात घालायला घेतलं, वहिनींची नजर पाहिली, आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.