रस्त्याकडेचे बेडूक

सकाळपासून माझ्या पोस्टरसमोर थांबलेला तो पहिलाच माणूस!

परिषदेच्या हॉलमधले बाकी सगळे मला असे टाळत होते, जणू मी विमा विकायला उभी आहे. परीक्षक बाईसुद्धा अर्धं शीर्षक वाचून सटकल्या होत्या. जेवणानंतर त्यांची शेवटची फेरी. त्यांना माझं काम कळलं नाही तर शिष्यवृत्ती बंद, संशोधन बंद, आणि घरी आत्या ‘मी म्हटलंच होतं’ म्हणायला तयार.

हा मात्र हलेना. चष्मा घसरलेला, नजर... माझ्याकडेच. मी केस कानामागे सारले आणि सुरू झाले. "मानवनिर्मित ध्वनिप्रदूषणाच्या पार्श्वभूमीवर उभयचरांच्या साद-वारंवारितेतील परिवर्तन..." थेट तिसऱ्या आलेखापर्यंत. तो मान डोलवत राहिला.

"काही प्रश्न?" मी लाजत विचारलं.

"एकच..." तो घुटमळला. "जरा बाजूला होता का? प्लग तुमच्या मागे आहे."

माझे कान तापले. पोस्टरच्या गुंडाळीत शिरावंसं वाटलं.

"मग आधी नाही का सांगायचं!"

"वाक्य संपायची वाट बघत होतो."

मी तरातरा शेजारी त्याच्या पोस्टरपाशी गेले. पहिली ओळ वाचली. पुन्हा वाचली. "हे कशाबद्दल आहे?"

"गोंद," तो खजील झाला. "ओल्यावरही चिकटतो."

"मग तसं लिहा की!"

"लोक हसतील हो."

हे मात्र मला लगेच कळलं.

"तुमचं?" त्याने विचारलं.

"बेडूक," मी पुटपुटले. "रस्त्याकडेचे. गाड्यांच्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून आवाज चढवतात. पण बेडकींना आवडतो खालचा आवाज."

"अरेरे! मग जमतं कसं त्यांचं?"

"हो, कसं जमतं?" मागून आवाज आला. परीक्षक बाई! कधी आल्या होत्या कोण जाणे.

आता वारंवारिता आठवेना. "काही बेडूक थांबायला शिकलेत," मी म्हटलं. "दोन गाड्यांच्या मधे शांत होतं ना, तेवढ्यात हळूच बोलून घेतात."

बाई हसल्या, आणि चक्क खुर्ची ओढून बसल्या.

शिष्यवृत्तीला मुदतवाढ मिळाली. संध्याकाळी बसस्टॉपवर तो शेजारी उभा. त्याने तोंड उघडलं, ट्रक आला... मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा ट्रक. तो थांबला. मग रस्ता क्षणभर रिकामा झाला आणि तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "प्लग नको असता तरीही... मी थांबलो असतो."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी — सांगायला लाज वाटते — मी म्हटलं, "काय?"